आक्कांचं उन्हाळी वाचन

"तीनशे पानं झाली, पर एकदाबी चूल पेटली न्हाय. ही माणसं जगली कशावर?"

पुस्तक मिटून माझ्या हातात देताना आक्कांनी दिलेला हा पहिला अभिप्राय. ज्या कादंबरीबद्दल तो होता ती मी कॉलेजात असताना उशाशी घेऊन झोपत असे. तिच्यातल्या नायकाच्या एकटेपणावर मैत्रिणींशी तावातावाने भांडले होते. पण नायक जेवत नाही, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी खोलीत जाऊन ती पुन्हा चाळली. खरंच. त्या गृहस्थाने आख्ख्या पुस्तकात सिगारेटी ओढल्या होत्या आणि एकदा चहा घेतला होता, तोही गार झालेला.

"तसली कादंबरी आहे ती आक्का," मी संध्याकाळी म्हटलं. "त्याचं मन लागत नाही कशात."

"कसं लागंल? उपाशी माणसाचं मन लागत आसतं व्हय?"

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी मूळची सांगलीकडची. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी लागली आणि नेमणूक आली निमगाव केतकीला. बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी पकडायची आणि इंदापूर जवळ आलं की उतरायचं, एवढंच मला गावाबद्दल कुणीतरी सांगितलं होतं. खोली मिळाली ती आक्कांच्या घरात. आक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. सगळा गावच त्यांना आक्का म्हणायचा, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. उंच, हाडापेराने मजबूत, नेसणं नववारी, आणि चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिच्या जागी काळा दोरा, तो कानाला गुंडाळलेला. शाळा सातवीपर्यंत. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती; सासरे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे. आता मेंढरं गेली होती, शेती होती, आणि एकुलता एक मुलगा लोणी देवकरच्या कारखान्यात लागून तिकडेच बिऱ्हाड करून राहिला होता. घरात दोघंच. आक्का आणि त्यांचे मालक, आबा.

आबांनी जन्मात पुस्तकाला हात लावला नाही. पण आक्कांनी वाचलेलं प्रत्येक पुस्तक त्यांना ठाऊक असायचं. आक्का वाचायच्या आणि संध्याकाळी भाकरी थापताना आबांना सांगायच्या. आबा चुलीपुढे बसून तंबाखू मळत ऐकायचे. दवाखान्यातून मी आले की कधी कधी तेच मला म्हणायचे, "त्या वकिलानं घर इकलं बरं का. मी म्हनलोच व्हतो." कुठला वकील, हे कळायला मला थोडा वेळ लागायचा. मग लक्षात यायचं, की परवा आणून दिलेल्या पुस्तकातला.

वाचनाचा हंगाम मात्र ठरलेला. होळी झाली, ज्वारीचं खळं उरकलं, कडब्याची गंजी रचून झाली की आक्का हात झटकून म्हणायच्या, "झालं. आता माजं सुरू." तिथून मृग लागेपर्यंत दुपार त्यांची. मृगाला पेरणीची गडबड सुरू झाली की अर्धवट राहिलेलं पुस्तकसुद्धा मिटायचं ते मिटायचं. "फुडचं फुडच्या साली." मग एखादा नायक बिचारा पावसाळा, हिवाळा रेल्वेच्या फलाटावर तसाच उभा राहायचा.

दुपारची जेवणं झाली की अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकली जायची. बाजेपुढे पाणी भरलेलं घमेलं. त्या घमेल्यात दोन्ही पाय सोडून आक्का बसायच्या, मांडीवर पुस्तक, आणि ओठ हलवत वाचायच्या. नुसत्या वाचायच्या नाहीत, उत्तरं द्यायच्या. "बगा की, कसा बोलतोय." "हां, हे बराबर केलंस." एकदा त्या मोठ्याने ओरडल्या, "आगं, नगं जाऊ त्येच्यासंगं! त्येचं लगीन झालंय!" शेजारच्या दोघीजणी हातातलं काम टाकून धावत आल्या. गावातली कुठली पोरगी निघाली ते बघायला. त्यांना सगळी हकीकत सांगावी लागली, आणि मग त्याही तिथेच बसल्या. पोरगी शेवटी गेलीच. तिघींनी मिळून तिला जी बोलणी घातली ती त्या लेखिकेने ऐकली असती तर पुस्तकाचा दुसरा भाग झाला असता.

पुस्तकं आणायचं काम माझं. महिन्यातून दोनदा तरी मी बारामतीला जायचे, तिथल्या वाचनालयात माझं खातं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मी माझ्या आवडीची पुस्तकं आणली आणि ती चूल न पेटल्यामुळे नापास झाली. मग आक्कांनीच मागणी सांगायला सुरुवात केली. ती विषयाची नसायची, हवामानाची असायची.

"औंदा ऊन लई हाय. बर्फाचं काय हाय का बग."

मी ग्रंथपालांना ही मागणी सांगितली. ते सावकाश बोलणारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी जराही न हसता हिमालयातल्या भटकंतीचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. आक्कांनी ते वैशाखातल्या ऐन दुपारींसाठी राखून ठेवलं. उन्हाने पत्रे तडतडायला लागले की रोज थोडं थोडं वाचायच्या. एके दिवशी मी दवाखान्यातून घामाने निथळत आले तर आक्का बाजेवर खुशाल बसलेल्या. म्हणाल्या, "आज वादळ झालं. तंबू उडाला त्येंचा. लई गार वाटलं बग." पुढच्या खेपेपासून ग्रंथपालच मला विचारायला लागले, "या वेळी काय देऊ? समुद्र की पाऊस?"

रहस्यकथा त्या शेवटून वाचायच्या. आधी शेवटचं पान, खुनी कोण ते बघून घ्यायचं, आणि मग पहिल्यापासून निवांत सुरुवात.

"आक्का, मग मजा काय राहिली?"

"आगं, कोन हाय ते ठावं आसल्याव त्येच्यावर नजर ठिवता येती. न्हायतर समद्यांवर संशय घ्यायचा. चांगल्या मानसावर कशाला संशय घ्या?"

यात त्यांचा कावा काही नव्हता. पुस्तकातली माणसं त्यांना खरी वाटायची, असं म्हणणंही बरोबर होणार नाही. ती छापलेली आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एकदा ओळख झाली की झाली. ओळखीच्या माणसाशी जसं वागायचं तसं वागायचं, मग तो छापलेला असो की नसो.

दुसऱ्या उन्हाळ्यात ग्रंथपालांनी समुद्र दिला. दीपगृहावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या रखवालदाराची कादंबरी होती. त्याला आगापिछा कोणी नाही, रोज दिवा लावायचा आणि लाटा बघायच्या. शेवटी तो एका पहाटे तिथेच मरून पडतो. आक्कांनी पुस्तक संपवलं आणि फळीवर ठेवून दिलं. चारेक दिवसांनी आकितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला. त्या दिवशी आमच्याकडे पितरांना नैवेद्य ठेवतात. आक्कांनी पुरणपोळी, आमरस केला, सासूसासऱ्यांची पानं वाढली, आणि शेजारी आणखी एक पान वाढलं.

आबांनी बघितलं. "ह्यो निवद कुनाचा?"

"त्या दिव्यावाल्याचा. त्येला कोन हाय मागं?"

मला वाटलं आता आबा हसतील किंवा रागावतील. आबांनी पानाकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "समुद्राकडचा मानूस. मासळी पायजे व्हती त्येला."

"आज सन हाय," आक्का म्हणाल्या. "आज आसंच खायाला लागंल."

अशा बाईच्या हातात मी तिसऱ्या उन्हाळ्यात ती कादंबरी दिली.

एका नामवंत लेखकाची होती. वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावा लागायचा. एक शेतकरी भावकीच्या भांडणाला कंटाळतो आणि बायकामुलांना घेऊन कायमचं गाव सोडतो, सोलापूरला गिरणीत जातो, अशी गोष्ट. मला ती फार आवडली होती. आक्कांनाही आवडत होती. चूल वेळेवर पेटत होती, बाया भांडत होत्या, आणि मुख्य म्हणजे गोठा होता. त्या गोठ्यात चांदी नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. दुसऱ्याच प्रकरणात ती गाभण राहते. आक्कांनी आबांना ही बातमी सांगितली आणि आबांनी दुसऱ्या दिवशी विचारलंसुद्धा, "म्हस खाती का नीट?"

मग ते गाव सोडण्याचं प्रकरण आलं. त्या प्रकरणाची सगळीकडे वाखाणणी झालेली. पहाटेची वेळ, दारात गाडी, बाई उंबऱ्यावर डोकं टेकते, बाप कुलूप लावतो, किल्ली हातात घेऊन उभाच राहतो. मी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आक्का अंगणात उभ्या होत्या. पुस्तक हातात, बोट पानात.

"म्हस कुठाय?"

"कुठली म्हैस?"

"चांदी. गाडी गेली, कुलूप लागलं. म्हस दावनीला तशीच बांधल्याली हाय."

मी पुस्तक घेऊन पाहिलं. पुढची प्रकरणं पाहिली. सोलापूर आलं, चाळ आली, गिरणीचा भोंगा आला. चांदीचं नाव पुन्हा कुठे नव्हतं.

"लेखक विसरले असतील, आक्का. पण ते तितकं महत्त्वाचं नाही. ती कादंबरी माणसं मुळापासून तुटतात त्याबद्दल आहे."

"मानसं तुटली ते कळलं की मला. पर मानसांला पाय हायत, ती गेली. म्हस बांधल्याली हाय."

मी म्हटलं, दोन दिवसांत विसरतील. आक्कांनी कादंबरी पूर्ण केली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली, आपल्याच नजरेतून काही सुटलं की काय म्हणून. सुटलं नव्हतं. मी नवीन पुस्तकं आणली, एक पावसाचं, एक जंगलाचं. ती फळीवर तशीच पडून राहिली.

"वाचा की आक्का. जंगलाचं छान आहे."

"आसंल. पर एक गाभन जनावर उपाशी बांधून मी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसू व्हय?"

बाज लिंबाखाली टाकली जायची, घमेल्यात पाणी भरलं जायचं, पण आक्का नुसत्याच बसायच्या. किंवा उगाच गहू निवडायला घ्यायच्या. शेजारणी येऊन विचारून जायच्या, "आज काय न्हाय व्हय?" सगळ्यांत हाल आबांचे झाले. संध्याकाळी चुलीपुढे बसून ते तंबाखू मळायचे, आणि सांगण्यासारखं काही नसल्याने आक्का नुसत्या भाकरी थापायच्या. एकदा आबा धीर करून म्हणाले, "आगं, आसं समज, मी गेलो आन् सोडली."

"तुमी पुस्तकात न्हाय."

"लई वाईट झालं ह्ये," आबा मला बाहेर येऊन हळूच म्हणाले. "पोरी, त्या लिवनाऱ्याला गाठ."

आणि योग असा, की मे महिन्यात तेच लेखक बारामतीला व्याख्यानाला येणार असल्याचा फलक मला वाचनालयात दिसला. मी घरी येऊन सांगितलं. आक्कांनी लगेच ट्रंकेतून ठेवणीतलं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं.

आम्ही तिघं एसटीने गेलो. व्याख्यान संध्याकाळचं, शाळेच्या पटांगणात. लेखक साठी ओलांडलेले, सडपातळ, पांढरेशुभ्र कपडे, आवाज मोठा गोड. ते कादंबरीतली खेडी या विषयावर बोलले. लोक टाळ्या वाजवत होते. आक्का मांडीवर पुस्तक ठेवून, सोयरिकीच्या बैठकीत बसतात तशा ताठ बसल्या होत्या. शेवटी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आक्का उभ्या राहिल्या.

"मी निमगाव केतकीस्नं आलीया. तुमचं पुस्तक दोनदा वाचलंय. मानसं चांगली हायत. पर ती चांदी म्हस, तिला कुनी सोडली?"

लेखकांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते हसले. "अहो आक्का, तुम्हीच घेऊन जा ना तिला!"

सगळं पटांगण हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी मान खाली घातली. आक्का मात्र हशा ओसरेपर्यंत उभ्याच राहिल्या.

"न्हेली आसती," त्या म्हणाल्या. "पर गावाचं नाव कुठं दिलंय तुमी पुस्तकात?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी लेखक हसले नाहीत. ते काहीतरी बोलणार तोच अध्यक्षांनी घड्याळ बघून आभाराचं काम सुरू केलं. आम्ही एसटी गाठायला निघालो.

गाडीत मी आक्कांची समजूत घालायला लागले, की मोठी माणसं अशीच असतात वगैरे. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "त्यो वाईट न्हाय गं. त्येला म्हाईतच न्हाय. म्हाईत आसतं तर सांगितलं आसतं. न्हाय म्हनून हसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात निघायच्या तयारीत होते. इतक्यात अंगणात एक पांढरी मोटार येऊन थांबली. लेखक उतरले. त्यांचं पुढचं व्याख्यान इंदापूरला होतं, रस्ता आमच्याच गावावरून. स्टॅंडवर त्यांनी नुसतं "म्हशीच्या बाई कुठं राहतात?" एवढं विचारलं होतं. कालचा किस्सा रातोरात गावभर झाला होता, त्यामुळे रस्ता दाखवायला माणसं पुढे झाली.

आक्कांनी पाण्याचा तांब्या दिला, बाजेवर वाकळ अंथरली. लेखक बसले. रात्री त्यांना झोप लागलेली नसावी, डोळे तसेच दिसत होते.

"काल मी हसायला नको होतं," ते म्हणाले. "त्या म्हशीचं काय झालं, मला माहीत नाही. ती गोष्ट माझ्याच घरची आहे. गाव सोडलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गाडीत बसताना मला ती गोठ्यात दिसली. वडलांना विचारायची हिंमत झाली नाही. पुढे कधीच झाली नाही. लिहिताना तिथपर्यंत आलो आणि हात थांबला. म्हटलं, जाऊ दे, कुणाच्या लक्षात येणार आहे?"

दुसरं कुणी असतं तर इथे विरघळलं असतं. आक्का नाही विरघळल्या.

"म्हंजी तुमच्या बापानं गाभन म्हस दाव्याला मारली."

"आक्का!" मी म्हटलं.

लेखक ताडकन उठून उभे राहिले. तो गोड आवाज पार बदलला. "माझ्या वडलांना बोलायचं नाही. तुम्हाला माणूस ठाऊक नाही. बैलाला चाबूक लावला नाही त्यांनी जन्मात. सोलापुरात चाळीत राहून दारात आलेल्या कुत्र्याला स्वतःच्या ताटातली भाकर घालायचे."

"मग गाभन म्हस कशी टाकली?"

"टाकली नसेल!"

"मग कुठं गेली?"

दोघंही हमरीतुमरीवर आलेली. मला काय करावं कळेना. आबांनी तंबाखूची चंची बाहेर काढली, एक चिमूट लेखकांपुढे धरली, आणि नुसतं म्हणाले, "बसा. शेजारी कोन व्हतं तुमच्या?"

लेखक बसले. तंबाखू त्यांनी घेतली नाही. "शेजारी तांबोळी होते. पानांचा व्यापार. फार चांगली माणसं. आम्ही सोलापूरला गेलो तरी दर दिवाळीला त्यांच्याकडून आम्हाला तुपाचा डबा यायचा. कुणातरी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायचे. वडील गेले त्या वर्षापर्यंत येत होता." वडलांचा विषय निघाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. थोडं हसलेही. "त्या डब्यावरून आमच्या घरी दिवाळीत भांडण ठरलेलं. वडील डबा उघडायचे, आधी नाकाशी धरून वास घ्यायचे, आणि म्हणायचे, 'बरी हाय.' दर वर्षी तेच. आई विचारायची, कोण बरी हाय? ते काही बोलायचे नाहीत. आईच्या मनात बसलं, की हे शेजारणीबद्दलच म्हणतात. तिने ते तूप कधी तोंडाला लावलं नाही. बेसनाचे लाडू डालड्यात करायची."

आबांची तंबाखू मळायची थांबली होती.

"शेजारीन कशाला?" ते म्हणाले. "म्हस बरी हाय म्हनत आसतील."

लेखकांनी आबांकडे पाहिलं. मग आक्कांकडे. मग चष्मा काढून हातात धरला, आणि तो नुसताच फिरवत राहिले.

"पयला डबा कवा आला?" आक्कांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"पहिल्याच दिवाळीला. आम्ही चैत्रात निघालो होतो..."

"चैत्रात निगाला. मग दिवाळीपातूर येली आसनार ती. दूध सुरू झालं आसनार." आक्का आबांकडे वळल्या. "आवं, त्येनी शेजाऱ्याला दिली व्हती. ह्यांच्या बापानं आदुगरच बोलून ठिवलं आसंल."

"देतोच मानूस," आबा म्हणाले. "पोरांम्होरं देत न्हाय. पोरं रडत्यात."

लेखक हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने. "आणि आई!" ते म्हणाले. "आई आयुष्यभर... त्या बिचाऱ्या तांबोळीण काकूंवर..." हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आक्कांनीही पदर तोंडाला लावला, पण त्या हसत होत्या की काय ते पदरामुळे दिसलं नाही.

मग त्या उठल्या. "लेखकराव, तुमच्या बापाला बोलले त्ये चुकलं माजं. आता जेवून जायाचं."

लेखकांचं इंदापूरचं व्याख्यान होतं संध्याकाळी. ते नुसते जेवलेच नाहीत, तर दुपारभर राहिलेही. पिठलं, भाकरी, कांदा, वर ताक. आक्का वाढता वाढता त्यांना आणखी दोन पुस्तकांतल्या त्यांच्या चुका सांगत होत्या, आणि ते लहान मुलासारखी मान डोलवत होते. त्यांच्या एका कथेतल्या सुनेला माहेरी पाठवलं ते बरोबर केलं, पण लुगडं कुठलं नेसवलं ते लिहायला पाहिजे होतं, हे मला त्यातलं आठवतं. मी दवाखान्यात उशिरा गेले. औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी मला आधी विचारलं ते एवढंच, "सुटली का म्हस?"

मोटार गेल्यावर आक्कांनी ताटं उचलली, हात पुसले, आणि फळीवरचं जंगलाचं पुस्तक काढून घेतलं. दोन शेजारणी कुठून तरी आल्याच. संध्याकाळी चुलीपुढे आबांना वाघाची पहिली बातमी मिळाली.

माझी बदली व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात पोस्टाने एक पुडकं आलं. त्या कादंबरीची नवी आवृत्ती होती. लेखकांनी ते गाव सोडण्याचं प्रकरण पुन्हा लिहिलं होतं. आक्कांनी दुपारची वाट बघितली नाही. आबांना हाक मारून बाजेवर बसवलं, चष्म्याचा दोरा कानाला आवळला, आणि जन्मात पहिल्यांदाच आबांपुढे छापलेलं जसंच्या तसं मोठ्याने वाचलं. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला बाप चांदीला घेऊन शेजारी जातो. दावं शेजाऱ्याच्या हातात देतो. शेजारी म्हणतो, हिचं तूप पाठवीन. बाप म्हशीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो, आणि घरी येतो. एवढंच होतं. फार चांगलं लिहिलं होतं. वाचून झाल्यावर आक्का समाधानाने पुस्तकावरून हात फिरवत बसल्या.

आबा मात्र अस्वस्थ दिसले. थोड्या वेळाने म्हणाले, "रेडी झाली का रेडा?"

आक्कांनी पान उलटलं. पुढचं बघितलं, मागचं बघितलं. हाही उन्हाळा गेला, असं मला वाटलं. ग्रंथपालांकडून आणलेलं पावसाचं पुस्तक माझ्या हातातच होतं.

"लिवलंय का न्हाय?" आबांनी विचारलं.

"न्हाय."

"मग कसं कळायचं?"

आक्कांनी पुस्तक मिटलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"समदं त्येनीच सांगायचं व्हय? रेडी झाली. आयसारखीच, कपाळावर ठिपका आसल्याली."

"तुला कसं ठावं?"

"पुस्तक मी वाचलंय का तुमी?"